छोटं विमान पडलं, पाय गेले, आता पुढे काय करायचं

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. एक म्हणजे जी मुलंमुली फ्लाइंग शिकतायत. आणि दुसरे म्हणजे ज्यांच्या घरात नुकताच कुणाच्या तरी मणक्याला मार लागलाय, डॉक्टर “डी-१२ ला कॉर्ड इंज्युरी आहे” (म्हणजे छातीमागच्या बाराव्या, शेवटच्या मणक्यापाशी मज्जारज्जूला मार) एवढं सांगून पुढच्या पेशंटकडे गेलेत आणि घरचे कॉरिडॉरमध्ये उभे राहून मोबाईलवर काहीतरी शोधतायत. विमानातून पडा, बाईकवरून पडा नाहीतर बांधकामाच्या स्लॅबवरून पडा, पहिला दिवस सोडला तर पुढचं सगळं सारखंच असतं, त्यामुळे फ्लाइंगशी संबंध नसेल त्यांनी पहिला भाग सोडून खाली गेलं तरी चालेल.

माझं थोडक्यात सांगते. सेस्ना १५२, दोन सीटचं विमान, मी एकटीच, सोलोवर. टेक-ऑफनंतर साधारण साडेतीनशे फुटांवर इंजिनची पॉवर गेली, डावीकडे ऊस आणि समोर थोडं उजवीकडे नांगरलेलं मोकळं रान. रान धरलं, वेग धरला, तिथपर्यंत सगळं शिकवल्यासारखं झालं. मग जमीन एकदम अंगावर आल्यासारखी वाटली आणि मी नाक वर ओढलं, लवकर ओढलं, आणि विमान पंधरा-वीस फुटांवर स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, धपकन खाली बसलं. पुढे कशावर आदळलं नाही, नुसतं बसलं. मणक्याला सोसत नाही ते नेमकं हेच.

पडतानाचं

कमी उंचीवर इंजिन गेलं की रनवे मागे दिसत असतो आणि हात आपोआप तिकडे वळायला लागतो, तो आवरा. वळताना बँक, म्हणजे विमानाचा एका बाजूचा कल, वाढतो, बँक वाढला की स्टॉलचा वेग वाढतो, आणि तुमच्याकडे ना वेग आहे ना उंची, मग एक पंख गळपटतो आणि विमान नाकावर येतं. समोर, थोडं डावं-उजवं, जे सापडेल ते घ्यायचं. आधी नाक खाली आणि ग्लाइड स्पीड, १५२ ला ६० नॉट, तो जोवर हातात आहे तोवर विमान तुमचं आहे.

शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला उतरा, म्हणजे जमिनीला लागतानाचा वेग कमी होतो, कारण आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५० नॉटला जेवढी ताकद असते त्याच्या जवळजवळ दुप्पट ७० ला असते. विमान मोडू दे, पंख झाडात अडकू दे, शेपूट तुटू दे, ते सगळं मोडताना तुमच्या वाटचा धक्का खात असतं. फक्त वरून खाली धप पडू देऊ नका. पट्टे बांधलेले असतील तर माणूस समोरचा धक्का बराच सोसतो, पण बुडाखालून वर येणारा धक्का सरळ कण्यात जातो आणि बरगड्यांचा ताठ भाग संपून कमरेचा लवचिक भाग सुरू होतो तिथे, म्हणजे डी-१२ आणि एल-१ ला (कमरेचा पहिला मणका), मणका चेपून फुटतो. त्याचे तुकडे मागे कॉर्डवर जातात. अमेरिकेत १९८८ पासून नव्या डिझाइनच्या छोट्या विमानांच्या सीटची टेस्ट करताना कमरेवर येणारा भार १५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ६८० किलोच्या आत राहिला पाहिजे असा नियम आहे, पण १५२ चं डिझाइन सत्तरच्या दशकातलं, तिच्या सीटला तो नियम लागू नव्हता. म्हणून मी आता ज्या मुलांना नेव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी शिकवते त्यांना विषय काहीही चालू असला तरी मध्येच हे सांगते, की शेवटच्या वीस फुटांत घाबरून ओढू नका, जमिनीला लागेपर्यंत उडवत रहा.

वेळ मिळाला तर रेडिओवर मे-डे आणि ट्रान्सपॉन्डरवर ७७००, संकटाचा कोड. मग फ्युएल ऑफ, मिक्श्चर ओढून बंद, इग्निशन ऑफ, फ्लॅप लागतील तेवढे टाकून झाले की मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ, आणि दार आधीच किलकिलं करून ठेवा, नाहीतर बॉडी वाकली की दार जाम होतं. खांद्याचा पट्टा दुखेल इतका घट्ट. मी फ्युएल आणि मास्टर बंद केलं होतं आणि त्यामुळेच पुढचा अर्धा तास मला न हलवता तिथेच ठेवता आलं.

पहिला अर्धा तास

विमान थांबलं आणि सगळं शांत झालं, नुसता गरम इंजिनचा टिक टिक आवाज येत होता. मला वाटलं, वाचले. पट्टा सोडायला हात खाली गेला तर हाताला मांडी लागली, पण मांडीला हात लागला नाही. हे वाक्य मी पुढे कितीतरी डॉक्टरांना सांगितलं. असं काही झालं तर लगेच मोठ्याने सांगा, “मला पाय जाणवत नाहीयेत, मला उचलू नका.”

दहा मिनिटांत रानातनं माणसं धावत आली. सगळ्यांना मदतच करायची होती, दोघं हात धरायला आणि दोघं पाय धरायला तयारच होते, आणि नेमकं तसं उचललं असतं तर कंबर मध्ये घडी पडल्यासारखी वाकली असती. त्यांच्यात एक रिटायर झालेले फौजी काका होते, ते ओरडले, “कुणी हात लावायचा नाही पोरीला!” त्या एका वाक्याचं माझ्यावर किती ऋण आहे ते मला शब्दात सांगता येत नाही.

तर तुम्ही बघणारे असाल तर असं करा. आधी आग किंवा पेट्रोल गळतंय का ते बघा. आग असेल तर कणा-बिणा सगळं बाजूला, माणूस बाहेर काढायचा, पण मागून काखेत हात घालून, डोकं आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये आधाराला ठेवून, अंगाच्या सरळ रेषेत ओढायचं, वाकवायचं नाही, पिळायचं नाही. आग नसेल तर एकाने डोकं दोन्ही बाजूंनी धरून स्थिर ठेवायचं आणि बाकीच्यांनी १०८ ला फोन करून थांबायचं. पाणी पाजायचं नाही, लगेच ऑपरेशन लागू शकतं. अंगावर काहीतरी पांघरा. स्ट्रेचर येणारच नसेल तर सपाट, कडक काहीतरी शोधा. माझ्यासाठी त्यांनी गोठ्याचं फळ्यांचं दार बिजागरीतनं काढून आणलं, चारजणांनी एका दमात “एक, दोन, तीन” करून मला ओंडका सरकवतात तसं त्याच्यावर सरकवलं आणि टॉवेलच्या गुंडाळ्या करून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या. जीपच्या मागच्या सीटवर बसवून आणलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

हॉस्पिटल निवडताना जवळचं म्हणून कुठेही नेऊ नका, एमआरआय आणि स्पाइन सर्जन दोन्ही जिथे असतील तिथेच न्या. कॉर्डवरचा दाब लवकर, शक्यतो २४ तासांत काढलेला चांगला.

हॉस्पिटलमधलं, घरच्यांसाठी

ऑपरेशनमध्ये रॉड आणि स्क्रू टाकतात ते हाडाला आधार म्हणून, कॉर्ड त्याने जोडली जात नाही. हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं, आईला वाटत होतं ऑपरेशन झालं की पाय हलणार. सुरुवातीला स्पायनल शॉक असतो, त्यात खालचं सगळं ढिलं पडतं आणि तो उतरेपर्यंत काही आठवडेही जाऊ शकतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात “चालेल का?” विचारलं तर खरं उत्तर कुणाकडेच नसतं. त्याऐवजी विचारा, की आसिया ग्रेड (कॉर्डला किती मार लागलाय ते मोजायची पट्टी) काय आहे, ए म्हणजे खाली काहीच नाही, ई म्हणजे नॉर्मल, आणि संडासाच्या जागेपाशी संवेदना आहे का. ती थोडी जरी असली तरी इंज्युरी इनकम्प्लीट, म्हणजे अर्धवट, धरतात आणि आशेला जागा जास्त असते. जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसते.

याच काळात स्टेम सेलवाले भेटतील, ओळखीतलं कुणीतरी नंबर देईल. मामाने माझ्यासाठी जमिनीचा तुकडा विकायची तयारी केली होती. मणक्याच्या इंज्युरीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या गाइडलाइननुसार तो फक्त ट्रायलमध्येच देता येतो आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. जिथे लाखांचं पॅकेज सांगतात तिथून उठून या. तेच पैसे चांगली व्हीलचेअर, चांगलं कुशन आणि बाथरूमला लावा, कळकळीने सांगते.

डिस्चार्जच्या आधी रिहॅबचं, म्हणजे पुनर्वसनाचं, विचारा. ऑपरेशन करून सरळ घरी पाठवणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे, कारण लघवी, संडास, कातडी, खुर्चीतनं पलंगावर जाणं हे सगळं शिकवावं लागतं. वेल्लोरला सीएमसीचं (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) रिहॅब सेंटर आहे, ते उभं करणाऱ्या डॉ. मेरी व्हर्गीस स्वतः १९५४ च्या अपघातानंतर पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखालून लुळ्या, होत्या. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर मेजर अहलुवालियांनी सुरू केलं, १९६५ ला एव्हरेस्ट चढून आले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून व्हीलचेअरवर आले. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था आहे. आणि आपल्या पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, ते सैनिकांसाठी.

कातडी

रिहॅबमधल्या सिस्टरने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “तुझं कमरेखालचं शरीर आता तुला काही कळवणार नाही, तूच घड्याळ लावून त्याला विचारत जायचं.” हा आणि पुढचे दोन भाग म्हणजे ते विचारणंच आहे.

धडधाकट माणूस खुर्चीत बसल्या बसल्या नकळत सतत हलत असतो कारण बुड दुखतं. आपल्याला ते दुखत नाही म्हणून आपण हलत नाही आणि मग रक्त न पोचून मांस आतून मरतं, वरून फक्त लाल डाग दिसतो. म्हणून पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, सुरुवातीला आई आणि दादा अलार्म लावून आळीपाळीने उठायचे. खुर्चीत दर १५-२० मिनिटांनी पुढे वाकायचं, छाती मांडीला टेकेल इतकं, आणि दीड-दोन मिनिटं तसंच रहायचं. हातावर जोर देऊन उचलायचं पण शिकवतात, पण तेवढा वेळ कुणी टिकत नाही आणि खांदे जातात, आणि खांदे हेच आता आपले पाय आहेत.

सकाळ-संध्याकाळ आरशात बघा किंवा मोबाईलवर फोटो काढा. माकडहाड, बसायची दोन हाडं, कुल्ह्याच्या बाजू, टाचा, घोटे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा, पांढरा पडून परत लाल होत नसेल किंवा अर्ध्या तासात जात नसेल तर त्या जागेवर आता अजिबात बसायचं-झोपायचं नाही, डाग जाईपर्यंत. मध्ये भोक असलेली गोल रिंग घेऊ नका, मेडिकलवाला देईल पण ती उलट रक्त अडवते. एअर मॅट्रेस आणि व्हीलचेअरचं खरं कुशन घ्या, हवेच्या पेशींचं किंवा जेलचं.

आणि गरम वस्तू. पहिल्या वर्षी डिसेंबरात खूप थंडी होती, माझे पाय बर्फासारखे लागत होते म्हणून आईने झोपताना गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवली. सकाळी मोजा काढायला गेली तर मोजा निघेना. टाचेला चिकटला होता. आई त्याच्यावर कोमट पाणी थेंब थेंब सोडत बसली, हळूहळू मोजा सुटला आणि खाली टाचेची कातडी पूर्ण पांढरी होऊन सोललेली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला काहीच दुखत नव्हतं, दुखत तिला होतं. ती जखम भरायला चार महिने लागले. त्यामुळे मांडीवर लॅपटॉप नाही, चहाचा स्टीलचा ग्लास नाही, गरम ताट नाही, हीटरजवळ पाय नाहीत, उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर हात लावून बघितल्याशिवाय बसायचं नाही, आणि अंगावर घ्यायचं पाणी आधी कोपराने तपासायचं.

लघवी

याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही आणि म्हणून लोक वर्षानुवर्षं पिशवी लावून बसतात. जुन्या काळी मणक्याचे पेशंट मरायचे ते बहुतेक बेडसोर आणि किडनीच्या इन्फेक्शननेच.

कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा स्वतः कॅथेटर (बारीक नळी) घालून ब्लॅडर रिकामं करायचं, याला सीआयसी म्हणतात. दर ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळी ४००-५०० एमएलच्या वर साठू द्यायचं नाही, सुरुवातीला मोजून वहीत लिहा. हात साबणाने धुवायचे, जागा पुसायची, कॅथेटरला जेल लावायचं, हळू आत सरकवायचं, लघवी यायला लागली की आणखी थोडं आत, थांबली की हळूहळू बाहेर काढायचं. बायकांना सुरुवातीला जागा सापडत नाही, छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन बसा, मला बारा दिवस लागले आणि रोज रडले, आता अंधारात जमतं. मोठ्या माणसाला साधारण १२ किंवा १४ नंबरचं लागतं पण तुमचा नंबर डॉक्टरच सांगतील.

पाणी कमी पिऊन प्रश्न सुटत नाही, वाढतो. दिवसाला दोन लिटरच्या आसपास, घोट घोट विभागून, आणि रात्री आठनंतर कमी. लघवी गढूळ, वास, ताप, थंडी वाजणं, एकदम पाय ताठरायला लागणं, यातलं काही झालं तर लघवीची कल्चर (कुठले जंतू आहेत त्याची तपासणी) करून मगच अँटिबायोटिक. नुसत्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले आणि त्रास काहीच नाही तर बहुतेक वेळा औषध लागत नाही, उगीच घेत राहिलात तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी, काही होत नसलं तरी.

ज्यांची इंज्युरी डी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर आहे त्यांनी हे पाठ करा आणि घरच्यांनाही करायला लावा. एकदम डोकं फुटेल असं दुखायला लागलं, तोंड लाल, घाम, तर बीपी भयंकर वाढलेलं असू शकतं, त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. लगेच ताठ बसवा, आडवं करू नका, पट्टा-कपडे सैल करा, आणि कारण शोधा, बहुतेक वेळा तुंबलेली लघवी किंवा अडकलेली नळी असते, नाहीतर संडास साठलेली असते. कारण निघालं की उतरतं, नाही उतरलं तर इमर्जन्सी आहे, थांबू नका.

संडास

इथे एकच गुरुकिल्ली आहे, वेळ ठरवा आणि मोडू नका. जेवण किंवा नाश्ता झाल्यावर २०-३० मिनिटांनी आतडं आपोआप हलतं, तीच वेळ पकडायची. वरच्या इंज्युरीत आतड्याचा रिफ्लेक्स शाबूत असतो, तिथे सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि बोटाने हलकं स्टिम्युलेशन चालतं, दिवसाआड केलं तरी भागतं. माझ्यासारख्या खालच्या इंज्युरीत बहुतेक रिफ्लेक्सच नसतो, मग ग्लोव्ह घालून, जेल लावून हाताने काढावं लागतं, रोज, आणि शौच फार मऊ नसलेलं बरं. म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून इसबगोल सगळ्यांनीच खायचं असं नाही, तुमचा प्रकार कुठला ते डॉक्टरला विचारा. शक्य असेल तर पलंगावर नको, कमोडवर बसून करा.

पहिली दीड वर्षं हे सगळं आई आणि ब्युरोच्या मावशी करायच्या. मग मी शिकले. ज्या दिवशी बाथरूमचं दार मी आतून बंद केलं आणि एकटीने सगळं उरकून बाहेर आले त्या दिवशी आईने शिरा केला होता.

घर, खुर्ची, आणि बाहेरचं पुणं

आम्ही सिंहगड रोडला दुसऱ्या मजल्यावर रहायचो, लिफ्ट नव्हती, आता कोथरूडला तळमजल्यावर भाड्याने आहोत. घर बघताना जा तेव्हा टेप घेऊन जा. आपल्याकडे बाथरूमचं दार सव्वादोन-अडीच फुटांचं असतं आणि साधी खुर्ची बाहेरून २५-२६ इंच, म्हणजे एकतर अडकते नाहीतर बोटांची सालटं निघतात. दार ३२ इंच मोकळं हवं आणि बाहेर उघडणारं हवं, आत पडलात तर आत उघडणारं दार तुमच्याच अंगाने बंद होतं. उंबरा फोडून घ्या. कमोडशेजारचा बार भिंतीत पक्का ठोकलेला, टॉवेलच्या दांडीला धरून कितीतरी लोक पडलेत.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. तीन पायऱ्या सहा-सहा इंचाच्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. सोसायटीवाले पाच फुटांत बसवून देतो म्हणतील, तो रॅम्प नाही, ती घसरगुंडी आहे, नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. आमच्या मीटिंगला तीन महिने गेले, शेवटी वरच्या मजल्यावरचे एक आजोबा वॉकरवर आले आणि म्हणाले मला पण हवाय, तेव्हा झाला.

खुर्ची मापाने घ्या. हॉस्पिटलमधली घडीची १८ इंची सगळ्यांना देतात, तुमचं माप १५ असेल तर तुम्ही त्यात कलंडून बसता आणि पाठ वाकडी होते. कुल्ह्याची रुंदी अधिक जेमतेम एक इंच. हाताचा भाग निघणारा हवा, तिथूनच सरकून पलंगावर जायचं असतं. सरकायची फळी विकत घ्यायची गरज नाही, माझी आमच्या सुताराने केली, पाऊण इंची प्लाय, अठ्ठावीस बाय आठ इंच, वरून सनमायका आणि कडा गोल घासून, अजून तीच वापरते. सरकताना उघडी कातडी फळीवर घासू देऊ नका.

बाहेर पडा. पहिलं वर्षभर मी फक्त डॉक्टरकडे जायला बाहेर पडले आणि ती माझी चूक झाली. मेट्रोला प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, डब्यात खुर्चीची जागा आहे, वनाजपासून बसलं की डेक्कन आलंच, आणि मंडई स्टेशन झाल्यापासून तुळशीबागेत जाता येतं, तेही गर्दी नसताना सकाळी गेलात तर. जंगली महाराज रोडचे फूटपाथ रुंद आहेत, तिथे सराव करा. बाकी ठिकाणी टू-व्हीलर चढू नये म्हणून जे खांब रोवतात त्यात खुर्ची पण अडते, फोटो काढून महापालिकेला तक्रार टाका, मी टाकत असते आणि दोन ठिकाणचे काढले. रिक्षात फळीवरून सरकता येतं, रिक्षावाले दादा घाबरतात, त्यांना काय धरायचं आणि काय नाही ते आधी शांतपणे सांगा. गाडीला हँड कंट्रोल बसवून लायसन्स मिळतं, त्यासाठी आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते.

कागद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी काढा, अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी पुण्यात ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याचे फायदे मिळतात. इन्कम टॅक्सला जुन्या पद्धतीत ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट. सरकारी नोकरीत असाल तर नोकरीत असताना दिव्यांग झालात म्हणून काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, त्याच कायद्याचं कलम २०, कुणी राजीनामा मागितला तर देऊ नका.

फ्लाइंग शिकणाऱ्यांनी आजच आपली पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी उघडून बघा, बऱ्याच पॉलिसींमध्ये तिकीट काढून प्रवास करणारा पॅसेंजर सोडून बाकी विमान अपघात वगळलेला असतो. माझ्या पॉलिसीत वगळलेला होता. अपघाताच्या चौकशीवाले येतील तेव्हा सगळं खरं सांगा, नाक मी लवकर ओढलं हे मी सांगितलं, त्या चौकशीचा हेतू दोष द्यायचा नसतो, पुन्हा होऊ नये हा असतो.

मनाचं

सुरुवातीला येणारे जाणारे म्हणायचे, “होशील गं बरी, माझ्या चुलत दिराच्या मित्राचं झालं तसंच.” मी हसून मान हलवायचे आणि रात्री उशीत तोंड घालून रडायचे. आता सांगते, काकू, पाय येणार नाहीत पण चहा घ्या. भेटायला येणाऱ्यांनी एवढंच करा, नेहमीच्या गप्पा मारा. झोप उडाली, मरावंसं वाटलं तर १४४१६ टेलिमानस, मराठीत बोलतात, फुकट आहे. आणि आपल्यासारखंच कुणीतरी गाठा, ते डॉक्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मी पुण्यात राहून मुरलीकांत पेटकरांचं नाव अपघातानंतर पहिल्यांदा नीट वाचलं, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात, आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. मी काही पोहत नाही, पण ते वाचलं त्या आठवड्यात मी पहिल्यांदा फळीवरून एकटी सरकले.

मुलींसाठी एक, कारण मला हे विचारायला कुणी नव्हतं. पाळी काही महिने थांबू शकते, मग परत येते. लग्न, संबंध, मूल, हे सगळं होऊ शकतं, डॉक्टरला स्पष्ट विचारा, आईसमोर लाज वाटत असेल तर आईला बाहेर थांबायला सांगा.

परत विमानात

पाच वर्षांनी मी पुण्याहून दिल्लीला गेले, पॅसेंजर म्हणून. बुकिंग करतानाच, किमान ४८ तास आधी, व्हीलचेअर आणि आयल चेअर दोन्ही हवंय असं कळवा, आयल चेअर म्हणजे विमानाच्या आतल्या बोळातून नेतात ती अरुंद खुर्ची. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यायचा आग्रह धरा आणि कुशन लगेजमध्ये अजिबात देऊ नका, ते काढून विमानाच्या सीटवर ठेवा आणि त्याच्यावर बसा. हवेचं कुशन असेल तर वर गेल्यावर फुगतं, थोडी हवा सोडावी लागते, उतरल्यावर परत भरा. निघायच्या आधी कॅथेटर करून घ्या. उचलणाऱ्या मुलांना सांगा की पँटला धरायचं नाही, एकाने काखेतून आणि एकाने गुडघ्याखालून.

परत येताना लँडिंगच्या वेळी मी खिडकीतून बघत होते, लोहगाव विमानतळाच्या आधीची शेतं दिसायला लागली आणि माझे दोन्ही हात मांडीवर नाक वर ओढायच्या तयारीत आवळले गेले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता माझ्या हातावर हात ठेवला. चाकं टेकली तेव्हा मी घड्याळ बघितलं, पुढे वाकायची वेळ होऊन दहा मिनिटं झाली होती, पट्ट्याची खूण विझल्याबरोबर वाकले.